हातातला हौशी रेडिओ : परवाना, संच आणि सोबतचे साहित्य

भुसावळ जंक्शनवर गाडी थांबली की गार्डसाहेबांच्या हातातला वॉकीटॉकी आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. पोलीस बंदोबस्तात, धरणाच्या दरवाजांवर, मोठ्या यात्रेच्या नियोजनातही तसाच संच दिसतो. तो संच त्या त्या खात्याच्या कामासाठी असतो. सामान्य नागरिकाला तो वापरता येत नाही. परंतु तशाच आकाराचा, तशाच शक्तीचा एक संच असा आहे की जो बोदवडच्या शेतमजुराच्या मुलीला किंवा मुलाला, वयाची बारा वर्षे पूर्ण झाल्यावर, एक परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःच्या नावावर कायदेशीररीत्या बाळगता येतो. त्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेत त्याच विषयाचा प्राथमिक पाठ देण्याचे आम्ही योजिले आहे. माजी विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही तो उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे.

मोबाईल असताना हे कशासाठी?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो योग्यच आहे. मोबाईलचे संभाषण मनोरा, वीज, केबल आणि कंपनीची यंत्रणा या चौघांच्या खांद्यावर चालते. त्यांतील एक खांदा निखळला की हातातला महागडा फोन मुका होतो. हौशी रेडिओचे दोन संच मात्र एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये कोणीही नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळी लातूर परिसरात, आणि पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे हौशी केंद्र चालवण्यासाठी गेल्या होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दळणवळण तुटले, आणि जे केंद्र छंदासाठी उभारले होते तेच बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याचे साधन झाले. छंदाने अंगी बाणलेले कौशल्य संकटात सेवेला येते, ते असे.

महाराष्ट्राच्या इतिहासातही या छंदाचे एक मानाचे पान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. तरीही १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तो चालवीत. प्रक्षेपक उभारण्यात नरीमन प्रिंटर या हौशी रेडिओ तंत्रज्ञाचा हात होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ असे जेमतेम तीन महिने, जागा बदलत बदलत, तो आवाज टिकला. ज्ञान हाताशी असले म्हणजे साधने थोडकी असली तरी आवाज उमटतो, हे त्या तरुणांनी दाखवून दिले.

आधी परवाना, मग संच

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना येथेच सांगतो. आपल्या देशात प्रक्षेपण करणारा संच परवान्यावाचून नुसता बाळगणेही नियमबाह्य आहे. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून हेच धोरण चालत आले आहे. ऑनलाइन बाजारात दोन-तीन हजारांत मिळणारा संच पाहून एखादा मामा किंवा थोरला भाऊ कौतुकाने भाच्याला तो वाढदिवसाची भेट म्हणून आणतो. त्या संचाची कळ दाबली की तो पोलीस, विमान वाहतूक किंवा रेल्वे यांच्या लहरींत अडथळा आणू शकतो आणि कौतुकाची भेट चौकशीचे कारण ठरते. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारपेठांना अशा संचांच्या विक्रीबद्दल नोटिसा बजावल्या, त्या याच कारणाने. तेव्हा कृपया आधी संच घेऊ नये. आधी अभ्यास, मग परीक्षा, मग परवाना आणि शेवटी खरेदी, हा क्रम मोडू नये. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. परंतु तो हौशी रेडिओ नव्हे, हे ध्यानात असावे.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून मिळतो. अर्ज ‘सरल संचार’ या शासकीय संकेतस्थळावरून होतो. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. पहिली रिस्ट्रिक्टेड म्हणजे प्राथमिक आणि दुसरी जनरल म्हणजे उच्च. प्राथमिक श्रेणीत एकच प्रश्नपत्रिका असते व तिचे दोन भाग असतात : रेडिओचे तत्त्व व व्यवहार, आणि नियम. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. उच्च श्रेणीसाठी याच विषयांची अधिक तयारी आणि मिनिटाला आठ शब्द या वेगाने मोर्स संकेत पाठवणे व ऐकून लिहिणे आवश्यक असते. परीक्षा केंद्रे मुंबईलाही आहेत आणि नागपूरलाही. आपले बोदवड स्थानक याच दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर आहे, ही सोयच म्हणावयाची. नियम व शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी संकेतस्थळावरील ताजी माहिती वाचून घ्यावी.

परवान्यासोबत जे ओळखचिन्ह मिळते त्यास कॉल साइन म्हणतात. भारतातील चिन्हे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. प्राथमिक श्रेणीस सामान्यतः ‘व्हीयू३’ आणि उच्च श्रेणीस ‘व्हीयू२’ असा आरंभ असतो व पुढे आणखी अक्षरे येतात. जगात ते चिन्ह दुसऱ्या कोणाचेही नसते. तेथे आडनाव, गाव, घराची ऐपत कोणी विचारीत नाही. ओळख पटते ती या चिन्हाने आणि बोलण्याच्या रीतीने.

शालेय पुस्तकातलेच ज्ञान

अभ्यासक्रमाची भीती बाळगण्याचे कारण नाही. नववी-दहावीच्या विज्ञानात शिकवला जाणारा ओहमचा नियम, विद्युतशक्ती, तरंगलांबी व वारंवारता यांवरच निम्मी इमारत उभी आहे. प्रकाशाप्रमाणेच रेडिओलहरही सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावते. म्हणून ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २.०७ मीटर येते; म्हणूनच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला ‘दोन मीटरचा पट्टा’ म्हणतात. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा दुसरा पट्टा याच हिशोबाने ‘सत्तर सेंटिमीटरचा’ ठरतो. हातातला हौशी संच बहुधा या दोन पट्ट्यांवर चालतो.

परवाना हाती येईपर्यंतचा काळ वाया घालवू नये. साध्या रेडिओवर रात्री मध्यमलहरी लावून पाहाव्यात. दिवसा न लागणारी दूरदूरची केंद्रे रात्री का ऐकू येतात, याचा शोध घेताना वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबराचा धडा आपोआप पाठ होतो. एक बझर, एक सेल आणि पत्र्याच्या पट्टीची कळ एवढ्यावर मोर्सचा सराव होतो. त्यास कोणताही परवाना लागत नाही.

संचाची ओळख

हातातल्या संचाची शक्ती साधारणतः पाच वॅट असते. वरच्या टोकाला अँटेना, शेजारी आवाजाचे बटण, एका बाजूस बोलण्याची कळ, समोर पडदा व अंककळा, पाठीमागे लिथियम-आयन बॅटरी अशी त्याची रचना असते. बोलण्याची कळ दाबली की संच फक्त बोलतो, सोडली की फक्त ऐकतो. दोन्ही एकाच वेळी होत नाही. फोनची सवय असलेल्या मुलांना हे प्रथम अवघड जाते. ‘स्क्वेल्च’ नावाची सोय कोणी बोलत नसताना येणारी खरखर बंद ठेवते. ती फार कडक लावली तर दूरचा क्षीण आवाजही गिळला जातो. संच घेताना तो भारतात मान्यताप्राप्त आहे काय हे विक्रेत्यास विचारावे आणि पक्के बिल घेऊन परवान्यासोबत जपून ठेवावे.

आता बॅटरीचा हिशोब पाहू. समजा बॅटरी १५०० मिलीअँपिअर-तासांची आहे आणि बोलताना संच सुमारे दीड अँपिअर प्रवाह घेतो. सतत बोलत राहिल्यास ती एका तासात संपेल. परंतु शंभर मिनिटांत पाच मिनिटे बोललो, पाच मिनिटे आवाज ऐकला व उरलेला वेळ संच शांत राहिला, तर तीच बॅटरी जवळजवळ दिवसभर पुरते. ‘थोडे बोलावे, फार ऐकावे’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश येथे विद्युतशास्त्रही करते.

किती दूर बोलता येईल?

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने त्यांनाही क्षितिज असते. जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१२ ने गुणावे. आलेली संख्या म्हणजे रेडिओक्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर. संच तोंडाजवळ, म्हणजे दीड मीटरवर धरला तर हे अंतर सुमारे पाच किलोमीटर येते. दोन्ही टोकांना माणसे उभी असतील तर पाच अधिक पाच, असे दहा किलोमीटर, तेही मोकळ्या शेतात. घरे आणि झाडे मध्ये आली की ते आणखी घटते. शाळेच्या छतावर दहा मीटर उंचीवर अँटेना लावली तर एकट्या त्या टोकाचे क्षितिज तेरा किलोमीटरवर जाते. आसपासच्या मैदानापेक्षा तीनशे मीटर उंच टेकडीवर उभे राहिल्यास सत्तर किलोमीटर!

आपला बोदवड तालुका उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग यांच्या मधल्या सपाटीवर आहे. त्यामुळे जमिनीवरून पोहोच थोडी, पण डोंगरावरून पाहिल्यास सारे तापी-पूर्णेचे खोरे नजरेच्या टप्प्यात, अशी आपली स्थिती आहे. म्हणूनच हौशी मंडळी उंचावर ‘रिपीटर’ बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तेच मोठ्या आवाजात सांगतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंत सहसा ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते, आणि रिपीटर जागा करण्यासाठी बोलण्यासोबत एक मंद सूर पाठवावा लागतो. हे दोन आकडे संचात नीट भरले नाहीत तर आपण ऐकू शकतो पण आपले कोणी ऐकत नाही. नवख्यांची पहिली तक्रार बहुधा हीच असते.

उंचीचा हा महिमा आकाशापर्यंत जातो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओ केंद्र आहे आणि ते डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचे प्रक्षेपण साध्या हातातल्या संचावरही ऐकू येऊ शकते. ५ मे २००५ रोजी इस्रोने ‘हॅमसॅट’ हा खास हौशी मंडळींसाठीचा उपग्रह सोडला होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. त्याचा संवादही हौशी पट्ट्यातूनच होणार होता.

सोबतचे साहित्य : काय आधी, काय नंतर

संच घेतल्यावर दुकानदार दहा वस्तू दाखवतो. पैसा मोजका असणाऱ्या आपल्या कुटुंबांनी पुढील क्रम धरावा, असे आम्ही सुचवतो.

पहिली, चांगली अँटेना. संचासोबत येणारी आखूड रबरी अँटेना सोयीची असते, पण कार्यक्षम नसते. पाच वॅटचा दहा वॅट करण्यात पैसे घालण्यापेक्षा अँटेना सुधारणे व ती उंच नेणे केव्हाही लाभदायक. पाव तरंगलांबीची अँटेना घरी बनवता येते. ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागावे, लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते : १४५ साठी सुमारे ४९, ४३५ साठी सुमारे साडेसोळा. एका पॅनेल सॉकेटच्या मधल्या टोकाला एवढ्या लांबीची तांब्याची जाड तार उभी डाखावी आणि चार कोपऱ्यांना किंचित लांब चार तारा खाली तिरप्या बसवाव्यात, की छतावरची अँटेना तयार. सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यासाठी तर सायकलचे जुने स्पोक कापूनही काम भागते. हातातल्या संचाच्या अँटेनेच्या बुडाशी, धातूच्या बाहेरील कड्याला, ४९ सेंटिमीटरची एक साधी तार लोंबती ठेवली तरीही फरक जाणवतो.

दुसरी, केबल. बारीक आरजी-५८ केबल स्वस्त असते, पण १४५ मेगाहर्ट्झवर दहा मीटर लांबीत ती सुमारे एक तृतीयांश शक्ती खाऊन टाकते. ४३५ वर तर निम्म्याहून अधिक. म्हणून केबल लागेल तेवढीच, आखूड घ्यावी किंवा जाड घ्यावी.

तिसरी, जादा बॅटरी. पूर आणि वादळात वीज जाते, तेव्हाच संचाची गरज पडते. त्यामुळे भरलेली दुसरी बॅटरी ही चैन नव्हे. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत चार्ज करू नये, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे. बरेच दिवस वापर नसेल तर अर्धी भरलेली ठेवावी.

चौथी, हातमाइक किंवा कानातला श्रवणक. संच कमरेला आणि माइक खांद्याला असला की दोन्ही हात मोकळे राहतात. पाचवी, संगणकास जोडण्याची प्रोग्रॅमिंग केबल. शाळेत किंवा गावात चार जणांत मिळून एक पुरते. सहावी, एसडब्ल्यूआर मीटर; हा अँटेनेकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते ते दाखवतो. स्वतः अँटेना बनवणाऱ्यास तो आवश्यक, इतरांना मागून आणला तरी चालतो.

तीन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. अँटेना न लावता बोलण्याची कळ कधीही दाबू नये; परतलेली शक्ती संच जाळू शकते. बोलताना अँटेना डोळ्यांना व डोक्याला चिकटवू नये. आणि आकाशात वीज चमकू लागताच छतावरच्या अँटेनेची केबल संचापासून काढून ठेवावी. अँटेना विजेच्या तारांजवळ तर कधीच उभारू नये.

बोलण्याची रीत

प्रथम ऐकावे. वारंवारता मोकळी आहे याची खात्री झाल्यावर ती वापरात आहे काय असे विचारावे, मग आपले चिन्ह सांगून हाक द्यावी. अक्षरे ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने उच्चारावीत. त्यामुळे ‘व्हीयू’चे ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ होते आणि ऐकण्यात चूक होत नाही. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, म्हणजे पहिला शब्द तुटत नाही. बोलून झाल्यावर थोडी उसंत द्यावी, कारण तिसऱ्या कोणाला तातडीचा संदेश द्यायचा असू शकतो. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘क्यूएसएल’ म्हणजे पोच, ‘७३’ म्हणजे शुभेच्छा, अशा संक्षेपांनी परभाषिकांशीही संवाद जमतो. आपसात मात्र मराठीत मोकळेपणाने बोलावे.

व्यापाराचे सौदे, गाणी, खोटे संदेश, अश्लील भाषा आणि सांकेतिक गुप्त भाषा यांना या लहरींवर स्थान नाही. येथे सारे उघड असते. कोणीही ऐकू शकतो. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, वारंवारता व समोरच्याचे चिन्ह वहीत नोंदवावे. ही वही म्हणजे चालकाची शिस्त दाखवणारा आरसा होय.

आमचे मागणे

आपल्या शाळेत येणारी बहुसंख्य मुले ज्या घरांतून येतात, तेथे विज्ञानाचे साहित्य विकत घेणे ही शेवटची गरज असते. प्रयोगशाळेतले उपकरण अनेकदा दुरून पाहायचे, हात लावायचा नाही, अशीच त्यांची समजूत झालेली असते. स्वतः मोजून कापलेल्या तारेतून स्वतःचा आवाज वीस किलोमीटरवर पोहोचला, हा अनुभव त्या मुलांची समजूत बदलून टाकील. त्यातून कोणी रेल्वेत सिग्नल विभागात जाईल, कोणी दूरसंचार अभियंता होईल, कोणी काहीच न होता आपल्या गावातील पूरप्रसंगी उपयोगी पडणारा एक जाणकार माणूस होईल. तिसरी शक्यता आम्हाला पहिल्या दोहोंइतकीच मोलाची वाटते. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या वस्त्यांना सावध राहावे लागते. सातपुड्याच्या कुशीतील काही पाड्यांवर मोबाईल आजही भरवशाचा नाही. अशा ठिकाणी परवानाधारक, शिस्तीत बोलणारी चार मुले असणे ही गावाची संपत्ती आहे.

म्हणून माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आमचे मागणे असे : कृपा करून मुलांना संच भेट देऊ नका, तुमचा वेळ द्या. जे रेल्वे, सैन्यदल, दूरसंचार किंवा विद्युत खात्यात काम करीत आहात, त्यांनी सुटीत गावी आल्यावर एक रविवार शाळेत येऊन ओहमचा नियम किंवा मोर्सची वीस अक्षरे शिकवावीत. स्वतः परीक्षा देऊन परवाना मिळवावा, म्हणजे मुलांसमोर कायदेशीर केंद्र चालवून दाखवणारे कोणी असेल. पालकांनी परीक्षेच्या प्रवासास मुलीलाही मुलाइतक्याच आनंदाने पाठवावे. संच, केबल, अँटेना यांची सोय त्यानंतर होईल. ती फार खर्चाची बाब नाही.

पुढील स्मरणिका निघेल तेव्हा तिच्या विद्यार्थीसूचीत काही नावांपुढे ‘व्हीयू३’ ने सुरू होणारी चिन्हे छापलेली असावीत, एवढी सदिच्छा व्यक्त करून हा पाठ येथे पुरा करतो. सर्वांना ७३.